आकस धरून

“बाळ केवढं आहे?” औषधांच्या दुकानातल्या माणसाने विचारलं. “एक्क्याऐंशी वर्षांचं,” मी म्हणालो. विनोद करायचा नव्हता, तोंडातून निघून गेलं. रांगेत माझ्या मागे उभी असलेली बाई फिसकन हसली आणि मग एकदम गंभीर होऊन भिंतीवरची खोकल्याच्या औषधाची जाहिरात वाचायला लागली. दुकानदाराला काहीच वाटलं नाही. त्याच्याकडे अशी बाळं रोज येत असणार. त्याने खालच्या फळीवरून एक प्लास्टिकचा पेला काढून काउंटरवर ठेवला. दोन बाजूंना दोन कान, वर झाकण, झाकणाला चोच आणि पोटावर पिवळं बदक. “हाच न्या. म्हाताऱ्या माणसांना पण आम्ही हाच देतो. पडला तरी फुटायचा नाही.” मी पेला हातात घेतला आणि मला कसंतरीच झालं. जिना संपलाय हे लक्षात न येता आपण आणखी एक पायरी उतरायला जातो ना, तसं काहीसं. हाताने वजनाची तयारी केली होती आणि वजन आलंच नाही. मग माझ्या हाताने आपणहून तो पेला उलटा केला आणि मी त्याचं बूड पाहिलं. बुडावर एक त्रिकोण होता, त्यात एक आकडा. “एक्स्पायरी नसते हो त्याला,” दुकानदार म्हणाला.

बूड बघायची ही खोड अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कुठेही गेले, कोणीही चहा दिला, की चहा संपल्यावर कप उलटा करून बूड बघायचं. खालचं कडं, ज्याला ते बैठक म्हणत, ते नीट काढलंय का, टेबलाला ओरखडे पाडेल का, बोट फिरवून तपासायचं. आमचं लग्न ठरायच्या आधी माझ्या सासऱ्यांच्या घरी त्यांनी असाच कप उलटा केला, तर तळाशी राहिलेला घोटभर चहा त्यांच्याच पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. तरीही बूड पाहिलंच. “कारखान्याचं आहे,” त्यांनी निदान सांगितलं. सासरे बिचारे वरमून म्हणाले, “हो, अख्खा सेट आहे.” अण्णा साठ वर्षं चाकावर बसले आणि साठ वर्षं त्यांनी फक्त रोजच्या वापराची भांडी केली. कप, वाडगे, बरण्या, दुधाची झाकणवाली भांडी. शोभेचं काही मागायला कोणी आलं तर ते सरळ हाकलून द्यायचे. शोभेच्या भांड्याला कोणी शिव्या देत नाही, म्हणून ते करणाऱ्याची सवय बिघडते, असं त्यांचं म्हणणं. ज्या कपातून माणूस अर्धवट झोपेत चहा पितो आणि ज्याच्याकडे बघतही नाही, तो कप त्यांना करायचा असायचा. मी रोज सकाळी त्यांच्या कपातून चहा पीत आलोय आणि एकदाही त्या कपाकडे बघितलेलं मला आठवत नाही. म्हणजे कप चांगलाच असणार.

तो पेला आणला त्याच्या चार महिने आधी त्यांची उजवी बाजू गेली. हात, पाय, अर्धं तोंड आणि जवळजवळ सगळी भाषा. जवळजवळ म्हणजे एक शब्द राहिला, “हो.” भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. खिडकी लावू का, उघडू का, दिवा नको का, सगळ्याला हो. वाचा सुधारायला बाई यायच्या, त्यांनी समजावलं की आत सगळं कळत असतं, पण बाहेर येणारा रस्ता बुजलेला असतो आणि जो शब्द सापडतो तो येतो. मला याचं हसूच आलं होतं. ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हटलं, मग विचार केला, आणि मग पुन्हा नाही म्हटलं, त्याच्याजवळ शेवटी उरला काय, तर हो. बदकाच्या पेल्याला मात्र त्यांनी हो म्हटलं नाही. मी तो तोंडाशी नेला, तसे त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. चांगल्या बाजूचे ओठ मिटले, दुसऱ्या बाजूचे तसेच अर्धवट उघडे राहिले, आणि पाणी त्या फटीतून हनुवटीवर ओघळलं. पण डोळे माझ्यावर होते. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे. ते नुसते बघत होते, मी त्यांच्यापुढे काय धरलंय ते.

त्यांचे स्वतःचे कप आता त्यांना चालत नव्हते. त्या कपांच्या कानात एक बोट, फार तर दोन बोटं जातात, आणि अण्णांच्या डाव्या हाताला दोन बोटांवर भरला कप तोलणं जमत नव्हतं. बायको म्हणाली, “चार बोटं जातील असा कान हवा. बूड रुंद, जड.” ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिला गोष्टी लगेच दिसतात. मग ती म्हणाली, “तूच कर की.” अगदी सहज म्हणाली. मी बदकाचा पेला धुवायला घेतला, कारण चाकावर बसून मला तेहेतीस वर्षं झाली होती आणि उठलो तो कसा उठलो ते तिला माहीत होतं. तिला मी ते लग्नानंतर विनोद म्हणून सांगितलं होतं. ती हसली नव्हती.

दुपारी अण्णा झोपले की मी त्यांचा हात मोजायचो. मी ड्राफ्ट्समन आहे. इमारतींची दारं, खिडक्या, जिन्यांचे कठडे यांचे तपशील काढणं हे माझं काम. कठडा मुठीत यावा म्हणून त्याचा व्यास किती हवा, दाराची मूठ जमिनीपासून किती उंच हवी, हे मला झोपेतही सांगता येतं. शनिवारी ऑफिसातून मापाची पट्टी घरी आणली आणि त्यांच्या पलंगाशी स्टुलावर बसलो. चार बोटांची एकत्र रुंदी ऐंशी मिलिमीटर. मधल्या बोटाच्या पेराची जाडी बावीस. अंगठ्याच्या बेचक्यापासून करंगळीच्या मुळापर्यंत अमुक. मी वहीत सगळं लिहीत होतो आणि एकीकडे मला जाणवत होतं की हा हात मी कधी इतका वेळ हातात धरलेला नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरला असेल, पण तेव्हा त्यांनी माझा धरला होता. तळव्याची कातडी मऊ पडली होती. साठ वर्षं ओल्या मातीत असलेले हात खरखरीत असतील असं लोकांना वाटतं. ते तसे नसतात, माती त्यांना घासून घासून लहान मुलाच्या हातांसारखं करते. नखांच्या कडेला मात्र चार महिन्यांनंतरही करडी रेघ होती. ती मी ओल्या फडक्याने काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही, आणि न निघाल्याचं मला इतकं बरं वाटलं की मी पट्टी खाली ठेवली. अण्णांनी डोळे उघडले. “माप घेतोय,” मी चोरी पकडल्यासारखा म्हणालो. “हो,” अण्णा म्हणाले.

त्यांची कार्यशाळा शहराच्या कडेला, दोन बस बदलून. ती आता भट्टीकाकू सांभाळतात. काकू म्हणजे नात्याने कोणी नाही. पस्तीस वर्षं अण्णांची भट्टी लावत आल्यात, म्हणून सगळे भट्टीकाकू म्हणतात. नावाला साजेशा तापट. मी काय करायला आलोय ते ऐकून त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. “अरे, मी करून देते ना. दोन दिवसांत करते, परवाच्या भट्टीत पहिली भाजणी, पुढच्या आठवड्यात झिलई चढवून दुसरी. दहा दिवसांत कप हातात.” मी म्हणालो, “नको. मी करतो.” “तू करशील तोवर म्हातारा चहा सोडेल,” काकू म्हणाल्या. त्या गमतीने म्हणाल्या होत्या. हे वाक्य मला पुढे किती वेळा आठवलं त्याला गणती नाही. त्या वेळी मला फक्त एवढंच वाटत होतं की हा कप मीच करणार. का, ते मला तेव्हा प्रेम वाटलं.

चाक सुरू केलं आणि पहिले चार शनिवार-रविवार माझी माती नुसती भिरभिरत राहिली, मध्यावर येईना. शरीर विसरत नाही म्हणतात, माझं विसरलं होतं. पाचव्या शनिवारी कुठल्यातरी क्षणी ती शांत झाली, हातांमध्ये फिरत होती पण हलत नव्हती, आणि मला एकदम एकोणीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. हे काही सुखाचं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मी याच चाकावर चाळीस कप केले होते. एका मोठ्या उपाहारगृहाची मागणी होती, अण्णा तापाने पडले होते, आणि मी त्यांना न सांगता तीन दिवस बसून चाळीसच्या चाळीस उतरवले. नमुन्यासाठी फळीवरचा त्यांचाच एक कप समोर ठेवला होता. उंची तीच, तोंड तेच, पोटाचा फुगवटा तोच. प्रत्येक कप पट्टीने मोजला. फळीवर ते ओळीने उभे राहिले तेव्हा मला माझ्याच हातांची भीती वाटावी इतके ते सारखे होते. चौथ्या दिवशी अण्णा उठून आले, शाल गुंडाळलेली, डोळे लाल. त्यांनी पहिला कप उचलला, डोळ्यांसमोर फिरवला, नमुन्याच्या कपाशेजारी ठेवला. मग कोपऱ्यातली माती कापायची तार घेतली आणि तो कप मधोमध कापून दोन्ही तुकडे भिजवणीच्या बादलीत टाकले. मग दुसरा. मग तिसरा. मी दारात उभा होतो. चाळीस कप कापायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. अण्णांनी घाई केली नाही आणि रागही दाखवला नाही. भाजी चिरावी तसे एकेक कापत गेले. शेवटचा टाकल्यावर तार पुसून जागेवर ठेवली आणि म्हणाले, “आकस धरला नाहीस.”

हा शब्द इथे सांगून टाकायला हवा. ओली माती वाळताना आकसते, भट्टीत भाजताना आणखी आकसते. आमच्या मातीचे आठाचे सात होतात. म्हणून आठ बोटं उंच कप हवा असेल तर ओला कप नऊ बोटांहून थोडा जास्त करावा लागतो. ही जी वाढ आधीच धरून चालायची तिला आमच्या घरात आकस म्हणतात. आकस धर, आकस किती धरलास, आकस कमी पडला, हे शब्द ऐकतच मी मोठा झालो. जगात आकस म्हणजे मनातली अढी, कोणाबद्दल तरी धरून ठेवलेला डंख, हे मला शाळेत कळलं आणि तेव्हा मास्तरांचंच काहीतरी चुकतंय असं वाटलं. बायकोचं उलटं झालं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने अण्णांना कोणाला तरी फोनवर बजावताना ऐकलं, “हे बघा, पहिल्यापासून आकस धरूनच सुरुवात करायची. मागाहून धरून उपयोग नाही.” ती स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, “तुझे वडील फार भयंकर आहेत रे.” पुढे कित्येक वर्षं हे आमच्या घरात हसायचं निमित्त होतं. सासूबाईंची चिठ्ठी आली की मी विचारायचो, आकस किती धरलाय? पण त्या दिवशी कार्यशाळेच्या दारात मला हसू आलं नव्हतं. नमुन्याचा कप भाजलेला होता, आकसून झालेला होता, आणि मी ओल्या मातीचे कप त्याच्या मापाने केले होते. भट्टीतून ते बाहुलीच्या खेळातले निघाले असते. चूक माझीच होती, अगदी पोरकट चूक, आणि ती सांगायला एक कप पुरला असता. एक कापा, दोन कापा. एक तरी ठेवायचा होता. भाजून लहान झाला असता तर झाला असता. मी त्यात पेन्सिली ठेवल्या असत्या. मी दुसऱ्याच दिवशी आरेखनाच्या वर्गात नाव घातलं. तिथे कागदावर जे माप लिहावं तेच भिंतीवर येतं, कमी नाही, जास्त नाही. अण्णा काहीच म्हणाले नाहीत. पुढे तेहेतीस वर्षं ते काही म्हणाले नाहीत आणि मीही नाही, आणि दर वाढदिवसाला ते मला एक कप देत राहिले.

ते सगळं आठवत आठवत मी अण्णांचा कप केला. बूड रुंद, भिंत जाड, गुरुत्वमध्य खाली. दोन दिवसांनी तो चामड्यासारखा घट्ट झाल्यावर कान ओढला. कान म्हणजे मातीची लांब वळी, ती ओल्या हाताने खाली खाली ओढत चपटी करायची असते. वहीतलं माप बघून मी कानाची आतली उंची ऐंशी मिलिमीटर ठेवली. पुन्हा मोजली. ऐंशी. मला स्वतःचा अभिमान वाटला. काकूंनी कच्चा कप हातात घेऊन पाहिला, कपाळाला आठी पडल्यासारखी झाली, मग त्यांनी तो भट्टीच्या फळीवर ठेवून दिला. ऑफिसात त्या दिवसांत माझं लक्ष नसायचं. एका दवाखान्याच्या स्वच्छतागृहातला आधाराचा दांडा काढायचा होता आणि मी त्याला चुकून झिलई लिहिलं. साहेब म्हणाला, “काय रे, लोखंडाला झिलई?” मी खोडलं. संडासाचा दांडा धरून उठणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हात मला त्या रेघांवर दिसत होते.

तीन आठवड्यांनी कप आला. करडी-निळी झिलई, तोंडाशी थोडी पातळ झालेली, आतून माती दिसत होती. वजनदार. मी कोमट चहा अर्धा भरला आणि अण्णांच्या पुढे धरला. आणि अण्णांनी हात पुढे केला! सहा महिन्यांत पहिल्यांदा आपणहून. बोटं कानात घातली. पहिलं, दुसरं, तिसरं. करंगळी बाहेर राहिली. त्यांनी ती आत सारायला बघितली, मी मदतीला म्हणून त्यांचा हात पुढे दाबला, आणि तिन्ही बोटं पेरांशी अडकली. मग आत जाईनात, बाहेर येईनात. कप कलंडला, चहा पांघरुणावर. अण्णा हात हलवत होते आणि त्यांच्या हाताला लटकलेला कप पलंगाच्या कठड्यावर टणटण आपटत होता. बायको साबणाचं पाणी घेऊन आली आणि एकेक बोट फिरवत फिरवत सोडवलं, अडकलेली अंगठी काढतात तसं. मी बाजूला उभा होतो. मला पट्टी लागलीच नाही. सत्तर. ऐंशीचे सत्तर. आठाचे सात. अण्णा सुटलेल्या बोटांकडे बघत होते, मग त्यांनी कपाकडे पाहिलं, तोंड वाकडंतिकडं झालं, आणि कुठल्या बुजलेल्या रस्त्याने कोण जाणे, पण शब्द आला. “आकस,” अण्णा म्हणाले. अगदी स्वच्छ.

वाचेच्या बाई फोनवर आनंदल्या. नवा शब्द म्हणजे मोठी गोष्ट आहे म्हणाल्या. बायकोने चादर बदलली, कप धुऊन ओट्यावर पालथा घातला, हात पुसले आणि मला विचारलं, “पण तू विसरलास कसा?” तिच्या आवाजात दोष नव्हता, खरंच प्रश्न होता. “दाराच्या बिजागरीचा एक मिलिमीटर तू सोडत नाहीस. तू कसा विसरलास?” मी म्हणालो, सवय गेली. ती “हं” म्हणाली. पण तो प्रश्न माझ्यामागे बसमधून ऑफिसात आला आणि ऑफिसातून परत घरी आला. कारण मी विसरलो नव्हतो. चाळीस कपांची गोष्ट मी चाकावर बसून अथपासून इतिपर्यंत आठवत होतो, आकस हा शब्द माझ्या डोक्यात होता, अण्णांच्या आवाजात होता, आणि तरी माझ्या हातांनी ऐंशीच मोजलं. मग हातांनी काय केलं? हातांना काय हवं होतं? एखाद्या गोष्टीचा आपल्याला राग आहे हे माणसाला ठाऊक नसू शकतं का, आणि मातीला ते कळू शकतं का, असले प्रश्न पूर्वी कोणी विचारले असते तर मी त्याला थंड पाणी पाजलं असतं. आता मी जिन्याच्या कठड्याचा तपशील काढता काढता थांबायचो आणि स्वतःचीच बोटं बघायचो.

भट्टीकाकूंना मी विचारलं, तुम्हाला दिसलं होतं ना? “दिसलं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, आजारपणात त्यांचा हात बारीक झाला असेल. आणि तुला कोण विचारणार बाबा? त्यांचा मुलगा तू.” मग त्यांचा स्वर जरा उतरला. “आता तरी मी करू का?” आणि मी पुन्हा नको म्हणालो. इथे मला थांबून सांगायचंय की त्या वेळी मला काही दिसत नव्हतं असं नाही. अण्णा रोज चमच्याने, नळीने, बोळ्याने पाणी पीत होते, बदकाला तोंड लावत नव्हते, आणि काकूंनी दहा दिवसांत चांगला कप दिला असता. त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या हाताने चहा पिता आला असता. मी त्यांचे तेवढे दिवस घेतले. माझी चूक मलाच दुरुस्त करायची होती, त्यांच्या तहानेच्या जिवावर. हे प्रेम होतं की दुसरं काही, ते मला आजही सांगता येत नाही आणि आता ते विचारून उपयोगही नाही. चाक फिरत असताना काकू मागून म्हणाल्या, “तुझे ते चाळीस, माहितेय? बादलीतली माती त्यांनी टाकली नव्हती. त्याच मातीचे आठवड्यात चाळीस करून दिले.” मी चाक थांबवलं नाही. हे ऐकून मला काय वाटायला हवं होतं ते मला कळलं नाही. ते चाळीस कप कुठेतरी कित्येक वर्षं लोकांच्या तोंडाला लागले असतील, फुटले असतील. माझे की त्यांचे?

या वेळी ओल्या कानाची उंची साडेएक्क्याण्णव ठेवली. पट्टीने नाही, अण्णांसारखी बोटांनी धरली आणि नंतर मोजली, तर साडेएक्क्याण्णव. पहिल्या भाजणीच्या आठवड्यात अण्णांना ताप आला. छातीत घरघर. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की गिळताना पाणी श्वासनलिकेत उतरतंय. पातळ काही द्यायचं नाही. पाणी, चहा, दूध, सगळं पूड घालून पेजेसारखं घट्ट करायचं आणि चमच्याने, बसवून, हनुवटी खाली. “कप?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “कपाने नाही. कपाने आता कधीच नाही.” मग माझा चेहरा बघून त्यांनी जोडलं, “त्यात फरक काय पडतो? पोटात गेल्याशी कारण.” मी मान डोलावली. त्यांच्या टेबलावर कारखान्याचा कप होता, पेनांनी भरलेला. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला की झिलई छान बसलीये, भट्टी गार झाली की घेऊन जा.

रविवारी सकाळी मी कप आणला. तो द्यावा की नाही यावर आम्ही स्वयंपाकघरात उभं राहून बोललो. बायको म्हणाली, “दे. नुसता हातात दे. त्यात काही घालू नकोस म्हणजे झालं.” तिने वाटीत पाणी घट्ट केलं, चमचा घेतला आणि माझ्यामागे आली. अण्णा उशांना टेकून बसले होते. या तीन आठवड्यांत ते केवढे लहान झाले होते! खांदे सदऱ्यात हरवले होते. मी कप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात आला, बोटं कानात शिरली, पहिलं, दुसरं, तिसरं, करंगळी. चारही. जागा उरली नाही आणि कमीही पडली नाही. अण्णांनी कप उचलला. जड बुडाने तो आपोआप सरळ राहिला, जसा मी ठरवला होता तसा. त्यांनी तो ओठांना लावला, थोडा कलता केला, आणि त्यांचा कंठ खालीवर झाला. एकदा. दोनदा. बायको माझ्यामागून पुटपुटली, “अगं बाई.” आत काही नव्हतं. त्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत प्यायलं आणि मग, चहा संपल्यावर करायचे तसं, मनगट वळवून कप उलटा केला आणि बूड बघितलं. अंगठा बैठकीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मी ती दोन रविवार घासली होती.

“आकस,” अण्णा म्हणाले. मी वाट बघत राहिलो. त्यांचं तोंड चालू होतं, आत कुठेतरी ते दुसरा शब्द शोधत होते, कपाळावर घाम आला होता. “धरलास,” ते म्हणाले. सात महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य. बायकोने ते ऐकलं हे मला तिचा चमचा वाटीवर वाजला त्यावरून कळलं. मी स्टूल ओढून त्यांच्या अगदी जवळ बसलो, इतक्या जवळ की त्यांच्या सदऱ्याचा औषधांचा वास आला. ते माझ्याकडे बघत होते. कप हातात तसाच, उलटा. तेहेतीस वर्षांत मी त्यांना जे विचारलं नव्हतं ते आता विचारायला माझ्याकडे एवढाच एक शब्द होता, आणि तो त्यांनीच दिला होता.

“अण्णा,” मी म्हणालो, “कपात धरला म्हणताय, की मनात?”

“हो,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी चमच्यासाठी तोंड उघडलं.